राजा आर्थरच्या दरबारातील यँकी

सन १९४९ मध्ये पॅरामाउंट कंपनीने 'अ कनेटिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट' हा रंगीत विनोदी बोलपट पडद्यावर आणला. नायक होता बिंग क्रॉसबी, 'गोइंग माय वे' (१९४४) मधील गाणाऱ्या फादर ओ'मॅलीच्या भूमिकेसाठी ऑस्कर पटकावलेला कॅथलिक नट. डोक्याला मार बसून बेशुद्ध पडलेला एक अमेरिकन कारागीर शुद्धीवर येतो तो थेट सन ५२८ मध्ये! चिलखती सरदाराशी द्वंद्व लढताना तो गुराख्यासारखा दोरीचा फास टाकतो, दरबारच्या वादकांना नव्या चालीचे संगीत शिकवितो. आबालवृद्धांनी एकत्र बसून पाहावा असा हा निर्मळ खेळ आहे.

मूळ कादंबरी मात्र इतकी निरुपद्रवी नाही. मार्क ट्वेनने ती १८८९ साली प्रसिद्ध केली. तिच्यात राजा वेषांतर करून प्रजेत हिंडतो आणि चक्क गुलाम म्हणून विकला जातो. अमेरिकेतील गुलामगिरी बालपणी डोळ्यांनी पाहिलेल्या लेखकाचा संताप तेथे धुमसताना दिसतो. ख्रिस्तसभेवरही त्याने जहरी टीका केली आहे. अखेरीस विजेच्या तारा आणि यांत्रिक तोफा हजारो सरदारांचा संहार करतात. चित्रपटाने राजाचे वेषांतर ठेवले, त्याला एक गोड गाणे जोडले आणि उरलेला दाह गाळून टाकला. कॅथलिक प्रेक्षकांना ते सोयीचे वाटले असेल. आम्हांला मात्र टीका टाळण्यापेक्षा ती तपासून पाहणे अधिक इष्ट वाटते.

सन ५२८ मधील ब्रिटनमध्ये नखशिखान्त पोलादी चिलखते नव्हती. ती पंधराव्या शतकाची शोभा असून, कॅक्सटनने १४८५ मध्ये छापलेल्या मॅलरीच्या आर्थरकथेच्या वाटेने ती आपल्या कल्पनेत शिरली. पोप ग्रेगरी यांनी धाडलेले संत ऑगस्टिन केंटच्या किनाऱ्यावर उतरले ते ५९७ साली. तोवर पूर्वेकडील सॅक्सन लोक मूर्तिपूजकच होते आणि ख्रिस्ती ब्रिटन पश्चिमेकडे रेटले गेले होते. साऱ्या देशावर सत्ता गाजविणारी ख्रिस्तसभा त्या काळी तेथे नव्हतीच.

कादंबरीत नायकाला चितेवर जाळण्याची शिक्षा होते आणि ऐन वेळी सूर्यग्रहण लागल्याने तो वाचतो. पाखंडी म्हणून माणसे जाळण्याचा इंग्रजी कायदा १४०१ सालचा. तो झाला, त्याखाली माणसे जळाली, हे आम्ही नाकारीत नाही. मठांच्या जमिनींवरही भूदास राबत होते. ट्वेनच्या आरोपांतील एवढा अंश मान्य करावाच लागेल. परंतु ग्रहण पाहून भेदरलेला अडाणी दरबार? ईस्टरची तिथी ठरविण्यासाठी चंद्रसूर्यांची गणिते मांडणारे मठवासी याच मध्ययुगातले. ७३५ मध्ये निवर्तलेल्या संत बीड यांनी ग्रहणाचे कारण स्पष्ट लिहून ठेवले आहे, आणि तेराव्या शतकापासून ते विद्यापीठांत शिकविले जात होते. ग्रहणाची युक्ती प्रत्यक्षात वापरली ती कोलंबसाने, १५०४ साली जमेकात. तीही पंधराव्या शतकातील पंचांग हाती धरून! यँकीची युक्तीच मुळी मध्ययुगाच्या शिदोरीवरची, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ज्या यंत्रयुगाची ट्वेनच्या नायकाला इतकी घमेंड, त्याच यंत्राने लेखकाला रस्त्यावर आणले. छापखान्यातील खिळे जुळविणाऱ्या एका यंत्रात त्याने अमाप पैसा ओतला. ते यंत्र काही धड चालले नाही. १८९४ मध्ये त्याची प्रकाशनसंस्थाही बुडाली. कर्ज फेडण्यासाठी तो व्याख्याने देत जगभर फिरला. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत येऊन वॉटसन हॉटेलात उतरला. इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी सांगाड्याची ती इमारत आजही काळाघोड्याजवळ उभी आहे. कायद्याने सक्ती नसतानाही १८९८ पर्यंत त्याने सावकारांची पै न् पै चुकती केली.