थिजणारे तेल, न थिजणारे तेल : खानदेशातील केसांच्या तेलाचा मागोवा

खोबरेल तेलाची निळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, ती उन्हात किंवा चुलीच्या कडेला ठेवावी लागते, तेव्हा खानदेशात हिवाळा लागला असे समजावे. हे तेल साधारण २४-२५ अंशांना थिजू लागते. धुळे-जळगावकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांखाली येतो, एखाद्या वर्षी ५ च्याही खाली. म्हणजे ज्या दिवसांत केसांना तेलाची सर्वांत जास्त गरज, नेमके त्याच दिवसांत हे तेल दगड होऊन बसते. समुद्र दूर, नारळाच्या बागा नाहीत, थंडी अशी. मग हे तेल इथल्या डोक्यावर चढले कसे? आणि ते येण्याआधी गुडघ्यापर्यंत केस असणाऱ्या बायका हिवाळा कशावर काढत होत्या?

दप्तरांतून याचे सरळ उत्तर मिळत नाही. सारा, वतने, लढाया यांचे कागद जपले गेले. वेणीफणीचा हिशेब कुणी लिहून ठेवला नाही. त्यामुळे शोध घ्यायचा तो पिकांच्या, घाण्यांच्या आणि बाजाराच्या वाटेने.

आधी थंडीचे पाहू. तापीचे खोरे उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये आहे. दिवाळीनंतर हवेतली ओल झपाट्याने उतरते. कोरड्या हवेत केसातले पाणी उडते, केसावरचे बारीक खवले उभे राहतात, एकमेकांत अडकतात आणि फणी लागली की केस मध्येच तुटतो. लांब केसाचे टोक कित्येक वर्षे जुने असते. झीज तिथे सर्वाधिक, फाटे फुटतात तेही तिथेच. त्यात बंबातले कडकडीत पाणी आणि खडकातल्या विहिरीचे जड पाणी. तेल या सगळ्यात दोन कामे करते: खवले बसवते आणि फणीचे घर्षण कमी करते. तेल लावून, गुंता हाताने सोडवून मग आगवळ घालून घट्ट वेणी बांधण्याच्या जुन्या पद्धतीमागे एवढे साधे शास्त्र होते.

नारळापूर्वीचे तेल तिळाचे. मराठीतला ‘तेल’ हा शब्दच तिळापासून, संस्कृत ‘तैल’मधून आला आहे, त्यामुळे तिळाचे तेल म्हणताना आपण मुळात एकच गोष्ट दोनदा म्हणतो! चरकसंहितेने रोज डोक्याला तेल लावण्याचे फायदे सांगताना केस गळत नाहीत, मुळाशी घट्ट राहतात, असे म्हटले आहे आणि हेमंत ऋतूच्या चर्येत अभ्यंगाबरोबर डोक्यावर तेल घालायला सांगितले आहे. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान थंडीच्या तोंडावर येते आणि संक्रांतीचे तीळ तिच्या भरात. खानदेशाच्या दृष्टीने तिळाचा सर्वांत मोठा गुण मात्र ग्रंथात नाही, तो अनुभवातला आहे. इथल्या कितीही कडक थंडीत ते थिजत नाही. एरंडेलही थिजत नाही, पण ते इतके चिकट की एकटे लावले तर फणी चालत नाही, थोडे मिसळायचे.

पण तीळ शेतात पिकले म्हणजे तेल केसांना मिळाले, असे नव्हे. शेतकरी तीळ, करडई, जवस तेल्याकडे नेई; बैलाचा घाणा फिरे, तेल घरी येई, पेंड गुरांना जाई. घरी आलेल्या त्या तेलाला तीन तोंडे होती: दिवा, कढई आणि डोके. डोक्याचा नंबर शेवटचा. सणाला, बाळंतिणीला, लग्नाच्या मुलीला सढळ, एरवी बोटभर. जुन्या बायकांच्या केसनिगेची आठवण आज फार गोड करून सांगितली जाते, तेव्हा हा बोटभर तेलाचा हिशेब कुणी सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हिशेबात दोन उलट्या गोष्टी घडल्या. १८६० च्या दशकात रेल्वे खानदेशात आली, १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि पश्चिम भारतातल्या गळिताच्या बिया मुंबईच्या बंदरातून युरोपात, विशेषतः मार्सेय बंदराकडे, जाऊ लागल्या. तिथे त्यांचे तेल निघे, साबण होई. पूर्वी गावच्या घाण्यावर थांबणाऱ्या तिळाला आता सातासमुद्रापलीकडचे गिऱ्हाईक मिळाले. दुसरीकडून रॉकेल आले. दिव्याची सोय परस्पर झाली आणि गोड्या तेलाच्या तीन तोंडांपैकी एक मिटले. एका हाताने गेले, दुसऱ्या हाताने थोडे परत आले, असे म्हणावे लागेल.

विसाव्या शतकात भुईमूग आला आणि पूर्व व पश्चिम खानदेशात (हे दोन जिल्हे १९०६ मध्ये वेगळे झाले) त्याने मोठी जमीन व्यापली. शेंगदाण्याचे तेल स्वस्त, मुबलक आणि थंडीतही पातळ. भाजीचे तेल तेच केसांचे तेल, हा व्यवहार घरोघरी रुळला. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. वनस्पती तूप आणि ‘७८७’ नावाचा कपड्याचा साबण ही तिची सुरुवातीची उत्पादने. तिचीच पुढे विप्रो झाली. अमळनेरकरांच्या जुन्या शेअरांच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. मला त्यात गंमत वाटते ती वेगळीच: मुळात न थिजणारे तेल हायड्रोजन घालून मुद्दाम थिजवायचे, हा त्या कारखान्याचा धंदा होता.

तेलाचा हक्क सर्व डोक्यांना सारखा नव्हता. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत विधवेला अभ्यंग वर्ज्य, आणि पुढे केशवपन. तिच्यासाठी केस जपण्याचा प्रश्नच उरत नसे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला, तेव्हा बाईच्या डोक्यावरच्या हक्काचा प्रश्न एका श्रमिक जातीने उघडपणे हाती घेतला. सातपुड्यात शिरपूर-चोपडा-यावलच्या वरच्या अंगाला विकतच्या तेलाऐवजी मोहाच्या बियांचे तेल होते. तेही थंडीत लोण्यासारखे घट्ट होते. शेकोटीजवळ धरून हातावर चोळून लावायचे. खोबरेल थिजले म्हणून आज गोंधळणाऱ्या घरांपेक्षा पावरा-भिल्ल घरांना ही युक्ती फार आधीपासून माहीत होती. बंजारा तांड्यांवरच्या बायका घुगरी-टोपलीचे चांदीचे दागिने गुंफून केस पक्के बांधतात. बांधलेला केस वाऱ्याला लागत नाही, सारखा विंचरलाही जात नाही. हा साज जितका शोभेचा, तितकाच कोरड्या हवेत केस राखणारा.

खोबरेल घराघरांत पोचले ते पत्र्याच्या डब्याच्या जागी बाटली आल्यावर. ‘पॅराशूट’ प्लॅस्टिकमध्ये आणताना दुकानदार बिचकत होते, कारण आधीच्या कुणाच्या चौकोनी बाटल्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. मग गोल, दात न लागणारी बाटली केली आणि ती उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवून पाहिली, ही हकीकत हर्ष मारीवाला यांनीच सांगितली आहे. पुढे हिवाळ्यासाठी पसरट तोंडाची बरणीही निघाली. मारीवालांच्या मॅरिकोचा एक कारखाना जळगावच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. नारळ नसलेल्या गावाचे आणि नारळाच्या तेलाचे नाते असे जुळले.

याच कंपनीतल्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खनिज तेल, सूर्यफूल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. त्यातल्या लॉरिक आम्लाचे लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरतात, असे कारण त्यांनी दिले. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण तो तेल विकणाऱ्या घरातला आहे हे विसरू नये. आणि तीळ व शेंगदाणा, म्हणजे खानदेशची स्वतःची तेले, त्या तुलनेत नव्हती. धुण्याआधी खोबरेल कोमट करून लावावे आणि रोजच्या विंचरण्याला तिळाचे थोडे तेल वापरावे, ही अनेक घरांतली रीत मला अधिक पटते.

लहान बाटलीतले खोबरेल खायचे की डोक्याचे, हा करवादही वर्षानुवर्षे चालला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की बाटली लहान आहे एवढ्यावरून शुद्ध खोबरेल केसांचे तेल ठरत नाही. तेव्हा खाद्यतेलावर ५ टक्के जीएसटी होता आणि केसांच्या तेलावर १८. एकाच भांड्यातून फोडणी आणि वेणी दोन्ही उरकणाऱ्या आज्यांना हा खटला समजावून सांगणे कठीण गेले असते.

अलीकडे जळगाव-धुळ्यात ‘लाकडी घाणा’ अशा पाट्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. बैल नाही, विजेची मोटर आहे. भाव गिरणीच्या तेलाच्या कितीतरी पुढे. शेंगदाण्याचे तेल लोक किलोवर नेतात. तिळाचे मात्र दिवाळीच्या आठवड्यात, छोट्या बाटलीत, पहिल्या अंघोळीपुरते.