टाचेची दोरी: एका बारीक छेदाचा इतिहास

१/ दर हजार नवजात बालकांमागे साधारण एकाचे पाऊल आत वळलेले व टाच वर ओढलेली असते. या व्यंगाला ‘क्लबफूट’ म्हणतात. ते पाऊल सरळ करण्याच्या प्रयत्नांना दोन हजार वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्याच्या केंद्रस्थानी आहे पोटरीला टाचेशी जोडणारी एक दोरी.

२/ आधी रचना पाहू. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येऊन एका जाड कंडरेत मिळतात आणि ही कंडरा टाचेच्या हाडाला जोडलेली असते. स्नायू आकुंचन पावला की टाच उचलली जाते. चालताना शरीराला पुढे ढकलणारा जोर मुख्यतः येथून मिळतो. क्लबफूटमध्ये हे स्नायू आणि कंडरा आखूड असतात. उपचार न झाल्यास टाच भुईला टेकत नाही आणि मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालते.

३/ प्राचीन ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या परंपरेतील वैद्यांनी उपाय सांगून ठेवला होता: जन्मानंतर लवकरात लवकर पाऊल हलक्या हाताने वळवावे व पट्ट्यांनी बांधून ठेवावे. पुढील शतकांत हा सौम्य मार्ग मागे पडला. लोखंडी सांगाडे आणि मळसूत्रे बळाने पाऊल सरळ करू लागली.

४/ मग आखूड दोरी कापूनच का टाकू नये? १७८४ मध्ये थिलेनियस यांच्या सांगण्यावरून जर्मनीत अशी शस्त्रक्रिया झाली. १८१६ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए येथे देलपेश यांनी ती केली. परंतु जखम चिघळली आणि त्यांनी ती पुन्हा केली नाही. जंतुनाशक शस्त्रक्रियेच्या आधीचा तो काळ. त्या काळी उघडी जखम जिवावर बेतू शकत असे.

५/ तोडगा हानोव्हरच्या स्ट्रोमायर यांना सापडला. १८३१ पासून त्यांनी अगदी अरुंद पात्याची सुरी त्वचेतील इवल्याशा छिद्रातून आत सरकवून कंडरा कापण्यास आरंभ केला. जखम जवळजवळ बंदच राहत असल्याने पू होण्याचा धोका घटला. तुटलेल्या टोकांमध्ये नवी ऊती तयार होऊ लागली की पाऊल हळूहळू ताणले जाई. दोरी सांधली जाई, पण आधीपेक्षा लांब होऊन.

६/ १८३६ मध्ये त्यांच्याकडे एक तरुण इंग्रज डॉक्टर आला: विल्यम जॉन लिटल. बालपणीच्या पोलिओने त्याचे डावे पाऊल वाकडे झाले होते. लंडनच्या नामांकित शल्यविशारदांनी त्याला शस्त्रक्रियेपासून परावृत्त केले होते. स्ट्रोमायर यांनी कंडरा कापली आणि पाऊल सुधारले. लिटल यांनी ते तंत्र शिकून घेतले, १८३७ मध्ये बर्लिन येथे क्लबफूटवर प्रबंध सादर केला आणि मायदेशी परतून स्वतः तीच शस्त्रक्रिया करू लागले. पुढे लंडनमध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

७/ भूल आणि निर्जंतुकीकरण आल्यावर सुरीचे भय ओसरले, आणि कापण्याची व्याप्ती वाढली. विसाव्या शतकात कंडरेबरोबर सांध्यांभोवतीची बंधनेही मोकळी केली जाऊ लागली. बाळाचे पाऊल सरळ दिसे. मात्र मोठेपणी अनेकांचे पाऊल ताठर व दुखरे होई. कंडरा प्रमाणाबाहेर लांबली तर पोटरीचा जोर घटतो आणि चाल दुबळी होते.

८/ हे परिणाम अमेरिकेतील आयोवा येथे इग्नासिओ पोन्सेती यांनी बारकाईने पाहिले. १९१४ मध्ये मिनोर्का बेटावर जन्मलेले पोन्सेती एका घड्याळजीचे पुत्र. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले आणि पराभवानंतर देश सोडला. फ्रान्स, मेक्सिको असा प्रवास करीत १९४१ मध्ये ते आयोवाला पोहोचले.

९/ बाळाच्या पावलातील हाडे बऱ्याच अंशी कूर्चेची असतात, म्हणून ती हलक्या हाताने वळवता येतात, हे त्यांनी जाणले. दर आठवड्याला पाऊल थोडे वळवून नवे प्लास्टर. अशी साधारण पाच-सहा प्लास्टरे. शेवटी बहुतेक बाळांत कंडरेचा तोच बारीक छेद. तीन आठवड्यांच्या अखेरच्या प्लास्टरमध्ये ती लांब होऊन सांधते. पुढे साधारण चार वर्षांचे होईपर्यंत झोपताना पट्टीला जोडलेले बूट घालावे लागतात. ते सोडले तर पाऊल पुन्हा वळू शकते.

१०/ १९६३ मध्ये पोन्सेती यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तरी जगाने त्यांची दखल घ्यायला तीन दशके लावली. १९९५ मध्ये त्यांच्या जुन्या रुग्णांचा दीर्घकालीन अभ्यास पुढे आला, इंटरनेटवरून पालकांनी एकमेकांना ही पद्धत सांगितली आणि ती जगभर पसरली. २००९ मध्ये पोन्सेती निवर्तले. त्या पायाची पोटरी पुढेही थोडी बारीकच राहते; टाच मात्र जमिनीला टेकते, आणि मूल धावते.