तैलरंगातली नौका

नगरला समुद्र नाही. सीना नदीलासुद्धा पाणी पाहुण्यासारखं येतं. तरी मी ‘सनडाउनर’ ही ऐतिहासिक मोटरनौका तैलरंगात काढायला बसलो. सौ. म्हणाली, “अहो, ऑइल पेंट आणलाच आहे, तर खिडकीचे गजही उरकून घ्या.”

१९१२ साली ‘टायटॅनिक’चे अधिकारी लाइटोलर यांनी बायकामुलांना बसवून होड्या सोडल्या, कित्येक जागा रिकाम्याच गेल्या. १९४० च्या जूनमध्ये, ६६ व्या वर्षी, स्वतःची ही ५८ फुटी नौका त्यांनी डंकर्कला नेली आणि सुमारे १३० सैनिक कोंबून परत आणले.

“नौकेवर मुंग्या कसल्या हो?” सौ.ने विचारलं.

“माणसं आहेत.”

“फार दाटी झाली. थोडी पुसा.”

आम्ही बँकेतले कारकून. अठ्ठावीस वर्षांनी जमेला आलेली बाकी कोणत्या हातानं खोडू?