पपईवरील वलयांकित ठिपके : विषाणूची ओळख व निदान

पपईच्या बागाच्या बागा उठवणारा हा विषाणू रोग. शेतकरी त्याला ‘रिंगस्पॉट’ किंवा नुसते ‘व्हायरस’ म्हणतात. मुंबई प्रांतातील पपईच्या मोझॅक रोगाचे वर्णन एस. पी. कपूर व पी. एम. वर्मा यांनी १९४८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी हवाई बेटांवर जेन्सन यांनी त्याला आजचे नाव दिले. पोटीव्हायरस या प्रजातीतील या विषाणूचा जनुकसंच आरएनएचा असून त्याचे कण लवचिक दोऱ्यासारखे, सुमारे ७६० ते ८०० नॅनोमीटर लांब असतात. पॅशन फ्रूटची फळे कठीण व वेडीवाकडी करणारा वूडीनेस विषाणू याच प्रजातीतला. त्यामुळे निदानाच्या पद्धती दोन्ही पिकांत बऱ्याच सारख्या आहेत.

शेंड्याची पाने पिवळी-हिरवी चट्टेरी होतात, पुढे त्यांचे पाते आक्रसून शिरांपुरते उरते. पण एवढ्यावरून निकाल देऊ नये. कोळी, तणनाशकाचा उडालेला फवारा किंवा पांढऱ्या माशीने पसरणारा पर्णगुच्छ यांनीही पाने आकसतात, आणि बोरॉनच्या कमतरतेने फळे खडबडीत होतात. देठावर व कोवळ्या खोडावर गडद हिरव्या तेलकट रेषा दिसल्या की संशय बळावतो. फळांवरची वलये ही सर्वांत ठळक खूण, मात्र ती दिसेपर्यंत विषाणू शेजारच्या झाडांत गेलेला असतो.

खात्री प्रयोगशाळेतच होते. पूर्वी संशयित पानाचा रस चंदनबटव्याच्या जातीतील परीक्षक झाडांवर चोळून डाग उमटतात का ते पाहत. त्याला दिवस लागत. १९७७ नंतर रूढ झालेल्या एलायझा चाचणीत विषाणूच्या प्रथिनाला प्रतिपिंड चिकटतात व रंग येतो. एका वेळी अनेक नमुने तपासता येतात. आरटी-पीसीआर त्याहून संवेदनशील: आरएनएवरून डीएनएची प्रत काढून ती वाढवली जाते, म्हणून लक्षणे दिसण्यापूर्वीही संसर्ग सापडू शकतो. नमुना कोवळ्या, लक्षणे असलेल्या पानांचा घ्यावा, सुकलेल्या पानांचा नको. तो थंड ठेवून लवकर पोहोचवावा. उदाहरणार्थ, भोर तालुक्यातील भोंगवलीच्या बागायतदाराला पुणे जवळचे आहे आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र तेथेच आहे. या केंद्राने ‘पुणे सिलेक्शन’ नावाच्या सहनशील पपया निवडल्या. नंदुरबार-जळगावकडे पसरलेली ‘रेड लेडी’ मात्र या रोगाला सहज बळी पडते.

मावा काही सेकंदांत विषाणू उचलतो व तितक्याच झटपट पुढच्या झाडाला देतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत लागण झालेली असते. झाड बरे करणारे औषध नाही. म्हणून निदानाचा खरा उपयोग रोपवाटिकेत आहे. रोपे कीटकरोधक जाळीत वाढवलेली असावीत, लागवडीआधी त्यांतील संशयित रोपे तपासून घ्यावीत आणि शेतात पहिले रोगट झाड दिसताच ते उपटून नष्ट करावे.