नांगराची निशाणी

खोडदला गेलात तर दारातच सांगतात, मोबाईल बंद करा. नारायणगावच्या जवळचं हे गाव. तिथल्या माळावर ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० थाळ्या. त्यांतल्या चौदा मध्ये दाटीने बसलेल्या, उरलेल्या सोळा तीन दिशांना २५ किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली आणि २००१ साली ती देशाला अर्पण झाली. आकाशातून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात, की खिशातला फोनही त्यांच्यावर ओरडतो. म्हणून तर रेडिओचा गोंगाट कमी असलेली ही जागा शोधली. आणि हे सगळं मी तुम्हांला रेडिओवरूनच सांगतो आहे! असो.

अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे शाळेच्या पोरांची जत्रा भरते. एका वर्षी मीही नातीला घेऊन गेलो होतो. दोन-अडीच तास फोन बंद. फार बरं वाटलं. नारायणगावच्या रस्त्याला लागल्यावर चालू केला, तर आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोपांचा ढीग. त्यात एक लांबलचक मजकूर होता. ‘त्या लोकांच्या’ दुकानातून काही घेऊ नका, असं सांगणारा. खाली नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. पाठवणारा मात्र माझ्या घरी पंचवीस ईदी शीरखुर्मा प्यायलेला. ‘त्या लोकांत’ मी येतो, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं, किंवा आलं असावं. नातीने विचारलं, “आजोबा, काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, चष्मा बदलायला हवा.”

घरी आलो आणि महजरांचं पुस्तक काढलं. कवी माणूस दुखावला की कविता करतो असा समज आहे. मी जुने कागद वाचतो.

महजर हा शब्द अरबी. हाजिर, हुजूर, हजेरी आणि महजर ही एकाच घरातली भावंडं. वतनाचा तंटा पडला, म्हणजे पाटीलकी कोणाची, शिवेचा दगड कोणाच्या हद्दीत, की गोतसभा बसायची. तिने जो निवाडा दिला त्याचा, जमलेल्यांच्या साक्षीचा कागद म्हणजे महजर. निजामशाही आणि आदिलशाहीपासून पेशवाईपर्यंतचे असे कितीतरी कागद उरले आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या साधनांत ते आहेत. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्याचा पाया हेच कागद.

त्यातला शिरस्ता बघा. आधी दोन्ही पक्षांनी राजीनामा लिहून द्यायचा. आज राजीनामा म्हणजे खुर्ची सोडणं. तेव्हा त्याचा अर्थ, ‘गोत सांगेल त्याला मी राजी आहे.’ भांडण ऐकायच्या आधीच हे लिहून घ्यायचे. मग जामीन. मग एकेकाने आपली तकरीर, म्हणजे कैफियत, द्यायची. शेवटी जो हरला त्याने स्वतः येजितखत लिहून द्यायचं, की माझं म्हणणं खोटं पडलं. हरल्याचा कागद हरणाऱ्याच्याच नावाने! एवढी सोय आजच्या कुठल्या चर्चेत आहे?

कागदाच्या माथ्यावर हाजिर मजलिस, म्हणजे बसलेल्यांची यादी. देशमुख, देशपांडे, काजी, पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार. बलुतेदारांत मुलाणाही असे. लिहिणारा कुलकर्णी बहुधा ब्राह्मण, आणि साल घालायचा सलास, अर्बा, खमस अशा अरबी आकड्यांत. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांची निशाणी. पाटलाच्या नावापाशी नांगर. सुतार असो, न्हावी असो, चांभार असो, ज्याचं त्याचं हत्यार. ज्यावर पोट चालतं ते हत्यार कागदावर गहाण ठेवून माणूस सांगायचा, की मी इथे होतो आणि हे माझं म्हणणं आहे.

या सभांचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. सगळे एका रांगेत बसत नसत. बायकांची नावं क्वचित. पुराव्याने निकाल लागेना तर दिव्य करायला लावत, उकळत्या तेलातून हाताने धातूचा तुकडा काढायचा. ते गेलं ते बरंच झालं. पण बिननावाचं बोलणं त्या कागदावर चढत नव्हतं, एवढं खरं.

आणि कागदही सोपा नव्हता. माझ्या आईचं माहेर जुन्नरचं, कागद्यांचं. हाताने कागद करणारे हे मुसलमान कारागीर. जुन्नरी कागदाचं पूर्वी मोठं नाव होतं, दफ्तरांतून तो चाले. जुनं गोणपाट तुकडे करून चुन्यात मुरवायचं, कुटायचं, नदीवर धुवायचं, पुन्हा कुटायचं. हौदातल्या लगद्यातून गवताच्या काड्यांच्या चटईवर एकेक ताव उचलायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा. मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटला नाही तर बोरू अडकतो, शाई फुटते. इतक्या मेहनतीच्या तावावर माणूस काय लिहायचं ते मनात चार वेळा घोळवूनच बोरू टेकवायचा. १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा मायन्याला जागा उरेना. आता तर बोट टेकवायचा अवकाश.

नकला तेव्हाही होत. पण नकलेला तालीक म्हणत. सरकारी पत्रांच्या शेवटी हुकूमच असे, की तालीक करून घ्या आणि अस्सल ज्याचं त्याला परत द्या. म्हणजे अस्सल कोणाचं, हे माहीत असे. आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलणाऱ्याला ते विचारून पाहा.

तेच विचारायला मी दुसऱ्या दिवशी मित्राच्या मळ्यात गेलो. तो टोमॅटोला पाणी देत होता. गटावर उत्तर द्यायचं मनात आलं होतं, अगदी टाईपही केलं होतं, पण शंभर जणांसमोर दोस्ताची तकरीर घ्यायची नव्हती.

“ते तू लिहिलंस?”

“मी कशाला लिहितो? आलं, पाठवलं.”

“वाचलंस?”

तो गप्प झाला. मग फोन काढून माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचलं. सावकाश, ओठ हलवत, शाळेत वाचायचा तसं. वाचून झाल्यावर बराच वेळ पाटाच्या पाण्याकडे बघत राहिला. मी त्याला महजराची गोष्ट सांगितली, येजितखतासकट. तो म्हणाला, “शायर, एवढं लांबून कशाला येतोस? सरळ सांग ना, चुकलं म्हणून लिही.”

चिखलाची बोटं धोतराला पुसून तो लिहायला लागला. बोलून पाठव म्हटलं, तर नको म्हणाला, लिहितोच. दोन ओळी लिहायला दहा मिनिटं लागली. ‘कालचा मजकूर न वाचता पाठवला. तो खोटा आहे, काढला आहे.’

“खाली नाव टाकू?”

“टाक. आणि नांगराची निशाणी कर.”

त्या चिमुकल्या चित्रांत त्याने खूप शोधलं. नांगर काही सापडेना. शेवटी त्याने ट्रॅक्टर टाकला.