पाण्यातला आडोसा

पाळलेल्या माशांचा इतिहास बहुधा पाहणाऱ्याच्या बाजूने सांगितला जातो. चीनमध्ये गोल्डफिश शतकानुशतके कुंडांत आणि मातीच्या रांजणांत वाढवले गेले. तिथे मासा वरून पाहायचा. भांड्याच्या बाजू अपारदर्शक असत आणि वर एखादे पान पसरले, की मासा त्याखाली नाहीसा होई. काच आली आणि या बाजूच उघड्या पडल्या. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक निघाले. त्याच्या उपशीर्षकातच समुद्रातल्या नवलांवरचा पडदा दूर करण्याची भाषा आहे.

या काचेत वनस्पती आली ती मात्र हिशेबापुरती. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती ठेवली. कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा ती पाने खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या टिपणात भर होता तो प्राणी आणि वनस्पती यांच्यातल्या देवाणघेवाणीवर : एकाने सोडलेला वायू दुसऱ्याने वापरायचा.

माशाचा हिशेब एवढ्यावर संपत नाही. उघड्या टाकीत तो कोपरा धरतो. झाडी असली, की मोकळा फिरतो. गोल्डफिश आपलीच अंडी खातात, गप्पी आपलीच पिल्ले. अंगणातल्या टाकीवर खंड्या आणि मांजर टपलेले असतात. हायड्रिलाची दाटी किंवा गोंडाळाच्या लोंबत्या मुळ्या असतील, तर त्यातली काही पिल्ले वाचतात. भर उन्हात पानांची सावली पाणी तापू देत नाही. म्हणजे माशाला वनस्पती हवी ती श्वासाइतकीच लपण्यासाठी.

पण आडोशालाही माप असते. ते चुकले तर काय होते, हे बंगालने पाहिले. मूळची दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोचली. तिथे ती 'कचुरीपाना' झाली. टबात तिच्या मुळ्या पिल्लांना आसरा देतात. नद्या-खाड्यांत मात्र तिने नावांच्या वाटा अडवल्या, भातशेती बुडवली आणि पृष्ठभाग झाकून खालच्या पाण्यातला प्राणवायू घटवला. १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध बंगालमध्ये कायदा करावा लागला. आज पवना, इंद्रायणी आणि उजनीच्या जलाशयावर तीच हिरवी चादर दिसते. सांडपाणी हे तिचे खत आहे, त्यामुळे दोष एकट्या रोपाचा नाही.

माशाला लपवणारे पान आणि माशाला गुदमरवणारे पान एकच असते. फरक पडतो तो उघड्या राहिलेल्या पाण्याने. घरच्या टबात तो फरक हाताने राखता येतो. पृष्ठभागाचा काही भाग मोकळा ठेवायचा, वाढलेली रोपे काढून उन्हात वाळवायची. ओढ्यात किंवा नाल्यात टाकायची नाहीत. टबातून काढलेल्या एका मूठभर हिरव्याला नदी पुरते, हे बंगालच्या इतिहासाने दाखवले आहे. आणि टबात झाडी दाट असताना मासा क्षणभर दिसला नाही, तर समजावे की आडोसा आपले काम करतो आहे.