खानावळीची वही आणि माणसांची नाती

ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे दहा भाग आहेत. त्यात न्यायाला एक भाग मिळाला, मैत्रीला दोन. हे असं का, असं मी वर्गात मुलांना विचारायचो. आज त्याचं उत्तर शोधायला ग्रीसला नको, लालबाग-परळला जाऊ.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढं कोकणातून, घाटावरून माणसं येतच राहिली. बायकामुलं गावी, आणि इथं एकेका खोलीत दहा-पंधरा पुरुष. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळं एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा पथारी टाकायचा. जेवायला खानावळ. आता खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे बरं का! चाळीतल्याच एखाद्या बाईचं स्वयंपाकघर. ती पहाटे उठून भाकऱ्या थापणार, पैसे मात्र पगार झाल्यावर मिळणार. दोघांच्या मध्ये एक वही आणि विश्वास, बस्स.

संप झाला की पगार बंद. पण भूक थोडीच बंद होते? सत्तरच्या दशकातल्या संपांत कितीतरी बायकांनी उधारीवर जेवण चालू ठेवलं, वेळेला सावकाराकडून जबर व्याजानं पैसे उचलून. प्रेमा पुरव यांनी हे पाहिलं. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

इथं आपण हळवे होतो, आणि तिथंच सावध राहायला हवं. नात्यांना कुंपणही असतं. खोल्या बहुतेक गावाच्या, जातीच्या माणसांनी भरलेल्या. गिरणीत धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपावेळी हा प्रश्न धसास लावला. म्हणजे एकाच गिरणीत राबणारी माणसं, पण आपलेपणा धाग्यापाशी येऊन तुटत होता.

मग आला १८ जानेवारी १९८२ चा संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप वर्षभराहून अधिक लांबला, कित्येकजण गावी परतले ते कायमचे. अशा वेळी वहीतली बाकी कोणी कोणाकडं मागायची?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आपलं रोजचं जगणं नात्यांवर चालतं, हे खरंच. कायदा थांबतो, पगार थांबतो, तिथं माणूसच माणसाला धरून ठेवतो. पण तसं धरून ठेवणाराचे हातही दुखतात. त्या बाईला कौतुक नको होतं असं नाही; पण कौतुकाआधी तिला कमी व्याजाचं कर्ज हवं होतं. नात्याचं गुणगान करताना त्याचा खर्च कोण सोसतंय, हे विचारलं नाही, तर मैत्रीच्या नावाखाली आपण अन्यायच करतो. ॲरिस्टॉटलचा न्यायावरचा भाग मैत्रीच्या आधी येतो, तो मला वाटतं योग्य जागी आहे.

आज घरी गेल्यावर ताट समोर येईल. तेव्हा मनातल्या मनात ती वही एकदा उघडून पाहा. आपल्या नावावर बरीच बाकी निघेल. थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.